धाकट्या लीगचे वस्ताद

मैदान मारून आलेल्या पैलवानाची गावातून मिरवणूक निघते, ती तुम्ही पाहिली असेल. पुढे हलगी वाजते, गुलाल उधळला जातो, पोराच्या डोक्याला फेटा आणि खांद्यावर गदा असते. या गर्दीच्या मागे एक वयस्क माणूस सावकाश चालत असतो. त्याच पोराला त्याने भल्या पहाटे उठवून जोर काढायला लावलेले असतात, चुकीचा डाव टाकला म्हणून शिव्याही घातलेल्या असतात. फोटोत तो सहसा दिसत नाही. त्याला आपण वस्ताद म्हणतो. वस्ताद म्हणजे काय, हे तुम्हा मंडळींना सांगायला नको. आज गोष्ट सांगायची आहे ती अशाच वस्तादांची. फक्त ते अमेरिकेतले आहेत, आणि त्यांचा खेळ कुस्ती नसून बेसबॉल आहे.

हा खेळ आपल्या गावात फारसा दिसत नाही. शाळेच्या पटांगणात सॉफ्टबॉल पाहिला असेल, तर बेसबॉल हा त्याचाच थोरला भाऊ समजा. एका बाजूला नऊ खेळाडू असतात. चेंडू टाकणारा, त्याला पिचर म्हणतात, टप्पा न पाडता चेंडू फेकतो. समोरचा गोल दांड्याने तो मारतो, आणि चौकटीच्या चार कोपऱ्यांना फेरी घालून परत आला की एक धाव. खेळ ऐकायला सोपा, करायला महाकठीण. दहा वेळा उभा राहून तीन वेळा ज्याचा फटका साधतो, तो तिथे उत्तम फलंदाज गणला जातो. म्हणजे उत्तम माणूससुद्धा दहातल्या सात वेळा हात हलवीत परततो. ही गोष्ट लक्षात ठेवा. कारण अठरा-वीस वर्षांच्या पोराला रोजचे अपयश पचवायला शिकवणे, हेच आमच्या या वस्तादांचे पहिले काम आहे.

आता हे वस्ताद काम करतात कुठे? अमेरिकेत बेसबॉलची थोरली लीग आहे, तिला मेजर लीग म्हणतात. तिच्यात आज ३० संघ आहेत. मोठी शहरे, मोठी मैदाने, मोठा पैसा, सगळे तिथे. तिच्याखाली धाकट्या लीगांची शिडी आहे, ती मायनर लीग. अगदी तळाला नवशिक्यांची पायरी, मग 'ए'च्या दोन पायऱ्या, त्यावर 'डबल ए', आणि सर्वात वर 'ट्रिपल ए'. आपल्याकडे चौथी शाळा, सातवी शाळा, मग हायस्कूल, तशी ही चढण. फरक एवढाच की, या शाळेत वरच्या वर्गात जाणारे थोडे आणि मध्येच नाव काढून टाकले जाणारे फार.

या धाकट्या लीगांची देशव्यापी संघटना १९०१ मध्ये शिकागो शहरात स्थापन झाली. त्या काळी लहान गावचा संघ स्वतःच्या पायावर उभा असे. गावातला कोणी व्यापारी मालक असायचा. तो एखादे चांगले पोर तयार करी आणि मोठ्या शहराच्या संघाला विकी. पुढे सेंट लुई शहराच्या कार्डिनल्स संघाचा कारभार ब्रँच रिकी या गृहस्थांच्या हाती आला. संघ गरीब. तयार खेळाडू विकत घ्यायला श्रीमंत संघांशी बरोबरी कशी करणार? १९२० च्या आसपास रिकींनी निराळाच हिशेब मांडला. बाजारातून भाजी घेणे परवडत नसेल, तर आपले वाफे आपणच लावावेत! त्यांनी लहान गावांचे संघ एकेक करून हाताशी घेतले, तिथे कोवळी पोरे ठेवली, आणि जे पीक तयार होईल ते वर न्यायला सुरुवात केली. या पद्धतीला नावच मुळी 'फार्म' पडले, म्हणजे शेत. १९४० च्या सुमारास कार्डिनल्सच्या हाताखाली असे तीसहून अधिक संघ होते. बाकीच्यांनीही हाच कित्ता गिरवला.

शेत आले म्हणजे शेत कसणारा आला. तिथून या वस्तादांच्या नोकरीला आजचे रूप आले. पूर्वी गावच्या संघाचा मास्तर गावाला सामने जिंकून देण्यासाठी असे. आता त्याचा धनी दूरच्या मोठ्या शहरात बसला, आणि धन्याला गावच्या विजयात रस नव्हता. त्याला हवी होती तयार पोरे. इथेच या पेशातली मोठी ओढाताण सुरू होते. गावचे लोक तिकीट काढून येतात ते विजय पाहायला. पण एखादा पोरगा सुंदर खेळू लागला, की नेमका मोसमाच्या मध्यावर वरून फोन येतो, 'त्याला पाठवून द्या.' मास्तरने जीव लावून तयार केलेला माणूस सकाळच्या गाडीने निघून जातो, आणि संध्याकाळचा सामना उरलेल्यांच्या जोरावर खेळायचा असतो. काम जितके चांगले, तितका संघ लवकर रिकामा. शाळामास्तरांना यात नवीन काही वाटणार नाही.

१९४९ हे या धाकट्या लीगांचे सुगीचे वर्ष. देशभर ५९ लीगा चालू होत्या, आणि वर्षाकाठी सुमारे ४ कोटी प्रेक्षक मैदानावर आले. पुढे घरोघरी दूरचित्रवाणी आली. घरबसल्या मोठ्या शहरांचे सामने दिसू लागल्यावर गावच्या मैदानावर कोण जाणार? १९६० च्या सुमारास प्रेक्षक १ कोटीच्या घरात उतरले, आणि शेकडो गावांचे संघ बंद पडले. १९६३ मध्ये शिडीची नव्याने मांडणी झाली. अलीकडे २०२१ मध्ये थोरल्या लीगने सारा कारभारच आपल्या हाती घेतला आणि १६० संलग्न संघांवरून ती संख्या १२० वर आणली. संघ कमी झाला, की त्या गावातला मास्तरही नोकरीच्या शोधात निघतो. या पेशात कायमची नेमणूक नाही. बहुधा एका मोसमाचा करार, आणि शरद ऋतूत पुन्हा नवी वाट बघायची.

आता एका मास्तरचा दिवस कसा असे, ते बघा. पन्नास-साठ वर्षांपूर्वी खालच्या पायरीवरच्या संघात शिकवणारा माणूस बहुधा एकच असायचा, तो म्हणजे मॅनेजर. पिचरला चेंडू कसा धरायचा ते तोच दाखवी, फलंदाजाचा पायही तोच सरळ करी. सरावाला शेकडो चेंडू स्वतःच्या हाताने टाकी, त्याने खांदा भरून येई. संध्याकाळी सामना सुरू झाला की तिसऱ्या कोपऱ्याजवळ उभा राहून टोपीला, कानाला, छातीला हात लावून खुणा करी. सामना संपला की रात्रीच्या बसमध्ये बसून कोण कसा खेळला याचा अहवाल धन्याला लिहून पाठवी. घरची आठवण येऊन रडणाऱ्या पोराची समजूतही त्यानेच काढायची. कित्येक मॅनेजर तर स्वतः खेळतही असत. आणि हे रोज! आजही एका मोसमात १३० ते १५० सामने होतात. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत आठवड्याला जेमतेम एक दिवस सुट्टी मिळते.

त्या बसच्या प्रवासाला लोक हसून नावे ठेवतात, पण त्यात जीवही गेले आहेत. २४ जून १९४६ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावचा संघ बसने डोंगर ओलांडून ब्रेमर्टनला सामन्यासाठी निघाला होता. पावसाळी संध्याकाळ होती. स्नोक्वाल्मी घाटात बस कठडा तोडून खाली दरीत गेली आणि तिने पेट घेतला. नऊ जण गेले. त्यांत संघाचा खेळता मॅनेजर मेल कोल हाही होता. याच प्रवासात वाटेत जेवायला थांबले असताना जॅक लोर्की या खेळाडूला निरोप मिळाला की वरच्या पायरीवरच्या संघाने त्याला बोलावले आहे. तो तिथेच उतरला आणि वाचला. वर बोलावणे आलेला एक माणूस सोडून बाकी सगळे आपल्या मास्तरसह त्याच बसमध्ये पुढे गेले.

आता तुम्ही विचाराल, असल्या नोकरीला येतो कोण? उत्तर साधे आहे. बहुधा असा माणूस, ज्याला स्वतःला वर पोचता आले नाही. पंचविशी-तिशी उलटते, पाय थकतात, आणि धनी बोलावून विचारतो, 'बाबा, खेळणे आता पुरे. शिकवशील का?' काहींना हा अपमान वाटतो. काहींना मात्र तिथेच आपले खरे काम सापडते.

वॉल्टर आल्स्टन यांचे उदाहरण घ्या. ओहायो राज्यातल्या खेड्यातला हा शिकलेला माणूस. १९३६ च्या मोसमाच्या अखेरच्या दिवशी त्यांना थोरल्या लीगमध्ये खेळायला मिळाले. एकदाच फलंदाजीला उभे राहिले आणि बाद झाले. क्षेत्ररक्षणात एक चूकही झाली. बस्स, थोरल्या लीगमधला त्यांचा खेळ एवढाच. पुन्हा संधी आली नाही. १९४० पासून ते धाकट्या लीगमध्ये मॅनेजरी करू लागले, आणि हिवाळ्यात गावाकडे परतून चक्क शाळेत शिकवीत. वर्गातली मुले आणि मैदानावरची मुले, दोन्ही त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळली. गाव बदलत गेले, पायरी बदलत गेली. शेवटी १९५४ मध्ये ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाने त्यांना मॅनेजर नेमले. 'हा कोण?' असे शहरातले लोक विचारीत होते. दुसऱ्याच वर्षी, १९५५ मध्ये, ब्रुकलिनला त्यांनी पहिले जगज्जेतेपद मिळवून दिले. पुढे संघ लॉस एंजेलिसला गेला. तिथे १९५९, १९६३ आणि १९६५ अशी आणखी तीन. २३ वर्षे ते त्या जागेवर राहिले, आणि तीही प्रत्येकी एकेक वर्षाच्या २३ करारांवर! एकदाच बाद झालेला माणूस २,०४० सामने जिंकून निवृत्त झाला.

याच आल्स्टन यांच्या धाकट्या लीगमधल्या दिवसांत एक मोठी गोष्ट घडली. तोवर अमेरिकेच्या या व्यावसायिक बेसबॉलमध्ये काळ्या वर्णाच्या माणसाला मज्जाव होता. नियम लिहिलेला नव्हता, पण पाळला जात होता. आपल्याकडे विहिरीवर काही लिहिलेले नसे, तरी कोणी पाणी भरायचे नाही हे सगळ्यांना ठाऊक असे, तसेच. ब्रँच रिकी आता ब्रुकलिनला आले होते, आणि त्यांनी हा पायंडा मोडायचे ठरवले. १९४६ मध्ये रॉय कँपानेला आणि डॉन न्यूकम या दोन काळ्या खेळाडूंना त्यांनी नॅशुआ गावी पाठवले, तिथे मॅनेजर होते आल्स्टन. एका सामन्यात पंचांशी वाद घालून आल्स्टन यांना मैदान सोडावे लागले. जाताना त्यांनी संघाची सूत्रे कँपानेलांच्या हाती दिली. संघ मागे होता, तो जिंकला. त्या संध्याकाळी, थोड्या वेळापुरता का होईना, एका काळ्या माणसाने संघ चालवला.

त्याच वर्षी जॅकी रॉबिन्सन यांना माँट्रियलच्या संघात घातले गेले. तिथला मॅनेजर क्ले हॉपर हा दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याचा, जुन्या वळणात वाढलेला. 'हे काम माझ्यावर सोपवू नका,' अशी विनवणी त्याने रिकींना केली होती. पण नोकरी ती नोकरी. मोसमभर तो रॉबिन्सनला रोज पाहत राहिला. रॉबिन्सनने त्या लीगमध्ये फलंदाजीत पहिला क्रमांक पटकावला, माँट्रियलने अजिंक्यपद जिंकले. शेवटच्या दिवशी हॉपरने पुढे होऊन त्याच्याशी हस्तांदोलन केले, आणि तू पुन्हा माझ्या संघात आलास तर आनंदच आहे, अशा अर्थाचे बोलला. दुसऱ्या वर्षी रॉबिन्सन थोरल्या लीगमध्ये गेला आणि इतिहास झाला. हॉपर मात्र धाकट्या लीगांतच राहिला. थोरल्या लीगची मॅनेजरी त्याला कधी मिळाली नाही. गुरूने चेल्याला शिकवावे हे खरे, पण कधीकधी चेलाही गुरूला काही शिकवून वर जातो.

मात्र खेळायला दार उघडले म्हणून शिकवायला उघडले असे समजू नका. खेळाडू म्हणून पाय ठेवायला मिळाला, पण दुसऱ्यावर हुकूम चालवायची जागा काळ्या माणसाला द्यायला धनी लोक फार काळ तयार नव्हते. १९५१ मध्ये कॅनडातल्या फार्नहॅम गावी सॅम बँकहेड धाकट्या लीगच्या संघाचे मॅनेजर झाले, ते या रांगेतले पहिले. थोरल्या लीगच्या हाताखालच्या अमेरिकी संघाला काळा मॅनेजर मिळायला १९६१ साल उजाडले, ते जीन बेकर, न्यूयॉर्क राज्यातल्या बटेव्हिया गावी. १९६२ मध्ये बक ओनील शिकागो कब्ज संघाचे प्रशिक्षक झाले, थोरल्या लीगमधले पहिले काळे प्रशिक्षक. पण सामना चालू असताना कोपऱ्याजवळ उभे राहून खुणा करायचे काम त्यांना दिले गेले नाही. आणि थोरल्या लीगला पहिला काळा मॅनेजर मिळाला तो १९७५ मध्ये, क्लीव्हलंडचे फ्रँक रॉबिन्सन. जॅकी रॉबिन्सननंतर तब्बल २८ वर्षांनी! किती उत्तम वस्ताद यात वाया गेले असतील, याचा हिशेब कोण मांडणार?

आता आणखी एक वस्ताद, अर्ल वीव्हर. बुटका, तापट, पंचांशी भांडण्यात पटाईत. १९४८ मध्ये खेळाडू म्हणून करार झाला, पण थोरल्या लीगचे मैदान खेळाडू म्हणून त्याला कधीच दिसले नाही. १९५६ मध्ये मॅनेजरी सुरू केली. मग जॉर्जियातली दोन लहान गावे, पुढे ॲबर्डीन, ॲपलटन, एल्मायरा, रॉचेस्टर अशी एकेक पायरी. बाल्टिमोरच्या ओरिओल्स संघाने त्या काळात एक शहाणपणाची गोष्ट केली. सर्वात खालच्या संघापासून थेट वरच्या संघापर्यंत खेळाची मूळ अंगे एकाच रीतीने शिकवायची, हे ठरवले. आपल्याकडे गावागावांत निराळी बाराखडी शिकवली तर हायस्कूलच्या मास्तरची काय गत होईल? तोच विचार. या शिस्तीला पुढे 'ओरिओल पद्धत' असे नाव पडले, आणि ती घडवण्यात वीव्हरचा मोठा वाटा होता. १९६८ मध्ये तो वर आला, १९७० मध्ये जगज्जेता झाला, १९९६ मध्ये कीर्तिमंदिरात त्याचे नाव लागले.

पण ही पद्धत खाली खेडोपाडी राबवणारे हात दुसऱ्यांचे होते. त्यांतले एक कॅल रिपकेन, थोरले. १९६१ ते १९७४ अशी वर्षे त्यांनी धाकट्या लीगांत मॅनेजरी करण्यात घालवली, आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन बायकामुलांसह या गावाहून त्या गावी फिरले. नुसत्या सरावाने काही होत नाही, बिनचूक सराव हवा, असा त्यांचा धडा असे. त्यांचा मुलगा, धाकटा कॅल, अशा मैदानांच्या कडेला वाढला, आणि पुढे त्याने सलग २,६३२ सामने खेळून विक्रम केला. १९८७ मध्ये थोरले रिपकेन अखेर बाल्टिमोरचे मॅनेजर झाले, आणि दोन मुलगे एकाच वेळी बापाच्या हाताखाली थोरल्या लीगमध्ये खेळले. असे पूर्वी कधी झाले नव्हते. पण दुसऱ्याच मोसमात पहिले सहा सामने हरल्याबरोबर त्यांना काढून टाकण्यात आले. तीस वर्षांची चाकरी, आणि सहा सामन्यांचा धीर! वर गेले म्हणजे गंगेत घोडे न्हाले, असे या पेशात नाही.

आणि जे कधीच वर गेले नाहीत त्यांचे काय? स्टॅन वासियाक यांचे नाव आपल्यापैकी कोणी ऐकले नसेल. १९५० मध्ये जॉर्जियातल्या वाल्डोस्टा गावी त्यांनी मॅनेजरी सुरू केली, आणि १९८६ मध्ये फ्लोरिडातल्या व्हिरो बीच इथे थांबवली. सलग ३७ मोसम, एकही वर्ष खंड नाही. २,५३० सामने जिंकले. आल्स्टन यांनी वर जिंकलेल्यांपेक्षाही हा आकडा मोठा. पण थोरल्या लीगमध्ये एका दिवसाचीही मॅनेजरी त्यांना मिळाली नाही. आपल्या तालुक्यात चाळीस वर्षे एकशिक्षकी शाळा चालवून निवृत्त झालेले गुरुजी आठवा. त्यांच्या हाताखालून गेलेला कोणी मामलेदार झाला, कोणी डॉक्टर झाला. गुरुजींच्या पगारपत्रकात त्याची नोंद कुठे असते?

सत्तर-ऐंशीच्या दशकांपासून काम वाटले जाऊ लागले. पिचरांचा वेगळा मास्तर, फलंदाजीचा वेगळा, शिवाय सगळ्या संघांना फेरी घालणारे फिरते मास्तर, आपल्याकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांसारखे. लिओ मॅझोनी नावाचा एक पिचर दहाएक वर्षे धाकट्या लीगांत चेंडू टाकून थकला, वर गेलाच नाही. अटलांटाच्या ब्रेव्ज संघाच्या खालच्या पायऱ्यांवर त्याला जॉनी सेन हा जुना जाणता वस्ताद भेटला. हात विश्रांतीने नव्हे, तर हलक्या नियमित कामाने टिकतो, ही सेनची शिकवण त्याने उचलली. १९९० मध्ये मॅझोनी अटलांटाला पिचरांचा मास्तर झाला, आणि २००५ पर्यंत त्याच्या हाताखालचे पिचर देशात नावाजले गेले. विद्या अशी एका थकलेल्या हातातून दुसऱ्या थकलेल्या हातात जाते, आणि तिथून तरण्या हातात.

कोपऱ्याजवळ उभे राहून खुणा करण्याचे काम वरवर सोपे दिसते. २२ जुलै २००७ रोजी माइक कूलबा हे टल्सा संघाचे प्रशिक्षक पहिल्या कोपऱ्याजवळ उभे असताना जोरात मारलेला चेंडू मानेवर बसून गेले. धाकट्या लीगांत सतरा मोसम घालवलेला हा माणूस. थोरल्या लीगमध्ये जेमतेम ४४ सामने मिळाले होते. शिकवायच्या नोकरीवर रुजू होऊन पुरे तीन आठवडेही झाले नव्हते. त्यानंतर २००८ पासून थोरल्या लीगमध्ये कोपऱ्यावरच्या प्रशिक्षकांना शिरस्त्राण घालणे सक्तीचे झाले. शिकवणाऱ्याच्या डोक्याचीही काळजी घ्यायला हवी, हे कळायला एक जीव जावा लागला.

आता या पेशात नव्या वाटेनेही माणसे येऊ लागली आहेत. पूर्वी समज असा, की जो स्वतः व्यावसायिक खेळला नाही तो काय शिकवणार? माइक शिल्ट कधीच व्यावसायिक बेसबॉल खेळले नाहीत. धाकट्या लीगची एकेक पायरी शिकवत चढले, आणि २०१८ मध्ये सेंट लुईचे मॅनेजर झाले. आज चेंडूचा वेग, फिरकी, दांड्याचा कोन, सगळे यंत्राने मोजतात. ते आकडे वाचून पोरांना समजेल अशा भाषेत सांगणारा माणूस हवा असतो. रेचल बाल्कोव्हेक या बाईंनी व्यायामशिक्षिका म्हणून सुरुवात केली. बाईचे नाव पाहून अर्ज परत येतात, असे दिसल्यावर त्यांनी अर्जावर नाव आखूड करून पुरुषाचे वाटेल असे लिहिले, आणि मग फोन येऊ लागले! दक्षिणेकडच्या देशांतून आलेल्या पोरांशी बोलता यावे म्हणून त्या स्पॅनिश शिकल्या. २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथल्या संघाच्या त्या मॅनेजर झाल्या. थोरल्या लीगशी संलग्न संघ चालवणारी ही पहिली स्त्री.

आपल्या देशाचाही या शिडीशी थोडा संबंध आला आहे. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातले दोन खेडूत भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, एका स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्गच्या पायरट्स संघाने त्यांच्याशी करार केला. २००९ मध्ये ते फ्लोरिडातल्या सर्वात खालच्या पायरीवर खेळले. थोड्याच काळापूर्वीपर्यंत ज्यांनी बेसबॉल हातात धरला नव्हता, त्यांना पुढे घडवण्याच्या कामात धाकट्या लीगच्या मास्तरांचाही हात होता. दोघेही थोरल्या लीगपर्यंत पोचले नाहीत. पण भारतातून तिथे जाऊन व्यावसायिक सामने खेळलेले पहिले दोघे म्हणून त्यांची नोंद राहिली.

या साऱ्या पेशाचे सुखदुःख एका माणसात पाहायचे असेल, तर ब्रायन स्निटकर यांच्याकडे बघा. १९७७ मध्ये ते अटलांटाच्या धाकट्या संघात खेळाडू म्हणून आले. चार वर्षांत कळले की आपण वर जाणार नाही. त्या वेळी खालच्या संघांचा कारभार महान खेळाडू हँक ॲरन पाहत होते. त्यांनी या पोराला शिकवायचे काम दिले. १९८२ पासून गावोगावची मॅनेजरी. मध्येच वरच्या संघात मदतनिसाची जागा मिळे, मध्येच पुन्हा खाली. २००७ ते २०१३ ते अटलांटाला तिसऱ्या कोपऱ्याचे प्रशिक्षक होते. त्यानंतर वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना पुन्हा धाकट्या लीगमध्ये पाठवले गेले. माणूस रुसून घरी बसला असता. हे गेले. २०१६ मध्ये मुख्य मॅनेजरला काढल्यावर तात्पुरते म्हणून बोलावले गेले, आणि ते तात्पुरते तब्बल दहा मोसम टिकले. २०२१ मध्ये अटलांटा जगज्जेता झाला. समोरच्या ह्यूस्टन संघात फलंदाजीचा मास्तर होता त्यांचाच मुलगा! २०२५ च्या मोसमानंतर ते पायउतार झाले, आणि सल्लागार म्हणून त्याच संघाकडे राहिले.

पण मंडळी, स्निटकर यांची गोष्ट गोड शेवटाची म्हणून लक्षात राहते. बाकीच्यांचा शेवट असा होत नाही. धाकट्या लीगमधले बहुसंख्य खेळाडू थोरल्या लीगपर्यंत पोचतच नाहीत. 'तुझे इथले दिवस संपले,' हे त्यांना समोर बसवून सांगावे लागते, आणि ते सांगायचे काम बहुधा मॅनेजरच्याच माथी येते. २०२३ मध्ये धाकट्या लीगच्या खेळाडूंना संघटनेच्या बळावर प्रथमच पगाराचा व राहण्याजेवणाचा रीतसर करार मिळाला, ही चांगली गोष्ट झाली. तो करार खेळाडूंचा, मास्तरांचा नव्हे. ते अजून एकेका मोसमाच्या भरवशावरच आहेत.

गुरुजनहो, तुम्ही या गोष्टीकडे तुमच्या नजरेने पाहाल म्हणून ती सांगितली. शाळेची तपासणी होते तेव्हा किती मुले पास झाली ते मोजतात. अमेरिकेत किती पोरे वर गेली ते मोजतात. दोन्ही मोजमापे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. शंभरातली जी नव्वद पोरे वर गेली नाहीत, ती घरी परतली, कोणी शेती केली, कोणी दुकान टाकले, कोणी गावच्या शाळेत मुलांना खेळ शिकवू लागले. दहातल्या सात वेळा हरूनही दुसऱ्या दिवशी वेळेवर मैदानावर हजर राहायचे, ही सवय ती बरोबर घेऊन गेली. ती कोणी लावली, हे त्यांना ठाऊक आहे. वस्तादाची खरी जमाखर्चाची वही तिथे, त्या गावोगावच्या घरांत आहे.